कुठल्या शाळेचा? : श्रीलंकेच्या क्रिकेटमागे आठ दिवस

पहिला दिवस, गुरुवार : कोलंबो

बोरेल्लातल्या पी. सारा ओव्हलचं फाटक अर्धवट उघडं होतं. आत माळी नळी धरून उभा. हाताने खूण केली, ‘या, पण खेळपट्टीपासून लांब.’ एवढं पुरेसं होतं. सामान खोलीवर टाकून मी आणि लेक पहिल्यांदा इथेच आलो होतो. गेली वीसेक वर्षं मी शाळेच्या मुलांना क्रिकेट शिकवतो. लेक कॉलेजच्या संघात ऑफस्पिन टाकते. श्रीलंकेला जायचं तर किनारे आणि चहाचे मळे नंतर, आधी मैदानं, हे आमचं घरातूनच ठरलेलं होतं.

मैदान लहान आहे. एका बाजूला जुना पॅव्हेलियन, कडेला झाडं, झाडांमागे घरं. श्रीलंकेने आपली पहिली कसोटी इथे खेळली, १७ फेब्रुवारी १९८२ रोजी, इंग्लंडविरुद्ध, बंदुला वर्णपुराच्या नेतृत्वाखाली. पहिला कसोटी विजयही इथलाच, आणि तो आपल्याविरुद्ध. १९८५ साली भारत इथे १४९ धावांनी हरला. मी सातवीत होतो. रेडिओला कान लावून बसलो होतो, आणि रुमेश रत्नायके या गोलंदाजाचं नाव तेव्हापासून डोक्यात बसलं ते बसलंच. त्या दिवशी शाळेत सगळे म्हणत होते, ‘लंकेकडून हरले!’ जणू काही पहिलीतल्या पोराने दहावीतल्या मुलाला पाडलं. इथे त्या गवताशेजारी उभं राहिल्यावर वाटलं, त्या आठवड्यात या गावात काय झालं असेल, हा विचार आपल्या मनात कधी आलाच नव्हता.

माळ्याने आपणहून ब्रॅडमनची गोष्ट सांगितली. १९४८ साली ऑस्ट्रेलियाचा संघ बोटीने इंग्लंडला निघाला असताना वाटेत कोलंबोला उतरून या मैदानावर एक सामना खेळला. खेळताना शंका आली म्हणून मोजलं, तर खेळपट्टी बावीसऐवजी वीसच यार्डांची निघाली! लेकीने लगेच सीमारेषेबाहेर पावलं टाकून वीस यार्ड मोजले, पलीकडे उभी राहून हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, “बाबा, यावर माझा प्रत्येक चेंडू हाफ व्हॉली पडेल.” हाफ व्हॉली म्हणजे फलंदाजाच्या पायाशी पडणारा, मारायला सोपा चेंडू.

दुपारी मेटलंड प्लेसला गेलो. इथे क्लबांची मैदानं एकमेकांना खेटून आहेत. सिंहलीज स्पोर्ट्स क्लब, नॉनडिस्क्रिप्ट्स, कोलंबो क्रिकेट क्लब, सगळं पायी फिरता येतं. पी. सारा हे तमिळ युनियनचं मैदान. शिवाय मूर्स क्लब, मलय क्लब, बर्गर लोकांचा वेगळा क्लब. बर्गर म्हणजे डच-पोर्तुगीज वंशाचे इथले लोक. मरीन ड्राइव्हच्या हिंदू, पारशी आणि इस्लाम जिमखान्यांची पाठोपाठ बांधलेली मैदानं ज्याने पाहिली आहेत, त्याला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. इंग्रजांनी खेळ दिला आणि जमातीजमातींनी आपापलं कुंपण घातलं. नॉनडिस्क्रिप्ट्स या नावाचा उलगडाही इथेच झाला. ज्यांना एका जमातीचं लेबल नको होतं त्यांचा तो क्लब.

दुसरा दिवस, शुक्रवार : निळ्यांची लढाई

मार्च महिना आम्ही मुद्दाम निवडला होता. मार्च म्हणजे बिग मॅचचा महिना. बिग मॅच म्हणजे दोन शाळांमधला वार्षिक सामना, आणि त्यातला सगळ्यांत जुना रॉयल कॉलेज विरुद्ध सेंट थॉमस कॉलेज. १८७९ साली पहिला झाला. त्यात मास्तरही खेळले होते. १८८० पासून फक्त मुलं. दोन्ही महायुद्धांतसुद्धा खंड पडला नाही. सुरुवातीला सामना गॉल फेसवर व्हायचा आणि मुलं बैरा तलाव होडीने ओलांडून मैदानावर यायची असं सांगतात. आता तीन दिवसांचा हा सामना सिंहलीज क्लबच्या, म्हणजे एसएससीच्या मैदानावर होतो.

आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. रस्त्याच्या वळणावरच पपरे ऐकू आलं. पपरे म्हणजे ट्रम्पेट, ढोल आणि झांजांचा बँड. नावच त्या ट्रम्पेटच्या आवाजावरून पडलेलं. एक चाल धरतात आणि ती अशी चढवत नेतात की पायाला थांबवणं अवघड. दोन्ही शाळांच्या झेंड्यांत निळा रंग, रॉयलच्या निळ्यासोबत सोनेरी आणि थॉमसच्या निळ्यासोबत काळा, म्हणून ही निळ्यांची लढाई. माजी विद्यार्थ्यांचे तंबू वेगळे, त्यांत बाहेरच्याला शिरकाव नाही. आम्ही साध्या स्टँडमध्ये बसलो.

माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. डोक्यावर पट्ट्यांची टोपी आणि गळ्यात शाळेचा टाय. आम्ही भारतातून आलो म्हटल्यावर त्यांनी हॉटेल, जेवण, हवा काहीही विचारलं नाही. थेट विचारलं, “तुम्ही कुठल्या शाळेचे?” मला वाटलं माझं शिक्षण विचारताहेत. नंतरच्या आठवडाभरात हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला की कळलं, इथे माणसाची ओळख पटवायची ही पद्धतच आहे. आडनाव आणि गाव मागाहून येतं. खेळाडूचंही तेच. अर्जुना रणतुंगा म्हटलं की पलीकडचा म्हणतो, “आनंदा.” महानामा, गुरुसिंहा आणि महेला म्हणजे “नालंदा.” अरविंद डिसिल्वा “डी. एस. सेनानायके कॉलेज.” संगकारा “ट्रिनिटी, कँडी.” आकडेवारी न बघता कुणाच्या किती धावा सांगणारे लोक आपल्याकडे चिक्कार आहेत. शाळा सांगणारे मी इथेच पाहिले.

या नावांमध्ये सगळा इतिहास भरलेला आहे. रॉयल आणि थॉमस या कोलंबोच्या वरच्या थरातल्या, इंग्रजी वळणाच्या शाळा. बराच काळ सिलोनचं क्रिकेट म्हणजे या दोन-चार शाळा, मेटलंड प्लेसचे क्लब आणि डोंगरातले मळेवाले साहेब. पहिले पंतप्रधान डी. एस. सेनानायके थॉमसचे, आणि या सामन्याची ढालही त्यांच्याच नावाची. आनंदा ही १८८६ साली बौद्ध थिऑसॉफिकल चळवळीतून उभी राहिलेली शाळा, नालंदा तिच्यातूनच फुटलेली. तिथली सिंहली बौद्ध घरांतली मुलं खेळायला लागली तेव्हा खेळाचा उंबरा थोडा खाली आला. नंतरच्या पिढीत तो कोलंबोच्या बाहेर पडला. मला पुढचे सहा दिवस तेच बघायचं होतं.

सामना? थॉमसच्या एका डावखुऱ्या पोराने पाऊण तास यष्टीबाहेरचा एकही चेंडू छेडला नाही. पपरे कानठळ्या बसवत होतं, समोरच्या तंबूत माणसं नाचत होती, आणि हा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा डोकं चेंडूच्या रेषेत आणून बॅट वर उचलायचा आणि सोडून द्यायचा. मी मुलांना हेच सांगून थकतो. एवढ्या माणसांसमोर तीन दिवसांचा सामना खेळायला मिळाला की ते सांगावं लागत नसावं. कसोटीचं दडपण म्हणजे काय, हे त्याला विशीच्या आत कळलेलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत लेक एसएससीचा मोठा धावफलक बघायला गेली. तो अजून हाताने चालतो. मागे माणसं उभी राहून पाट्या सरकवतात. २००६ साली दक्षिण आफ्रिकेविरुद्ध महेला जयवर्धने ३७४ आणि संगकारा २८७, अशी ६२४ धावांची भागीदारी याच फलकावर लागली. कसोटीत कुठल्याही गड्यासाठी इतकी मोठी भागीदारी दुसरी नाही. “म्हणजे नालंदा आणि ट्रिनिटी,” लेक परत येऊन म्हणाली. तिलाही सवय लागली.

तिसरा दिवस, शनिवार : गॉल

फोर्ट स्टेशनवरून सकाळची गाडी. उजवीकडची खिडकी मिळाली पाहिजे, कारण समुद्र अगदी रुळांना येऊन टेकतो. डब्यात ‘इस्सो वडे, इस्सो वडे’ करत विक्रेते फिरतात. डाळवड्यावर कोळंबी बसवलेली, शाळेच्या वहीच्या कागदात गुंडाळलेला. आमच्या कागदावर कुणाचीतरी सिंहली लिपीतली वर्तुळं होती.

हिक्कडुवाच्या अलीकडे पेरालिया लागतं. २००४ च्या २६ डिसेंबरला याच रुळांवर त्सुनामीने अख्खी गाडी उचलून फेकली आणि हजाराहून जास्त माणसं गेली. तिथे उंच बुद्धमूर्ती उभी आहे. डब्यातल्या दोन बायकांनी हात जोडले. आम्हीही जोडले.

पुढे रत्गामा. गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबली. वेगवान गोलंदाज लसिथ मलिंगा या गावचा. नारळीच्या बनात आणि वाळूवर सॉफ्टबॉल खेळून मोठा झाला. सॉफ्टबॉल म्हणजे आपलं टेनिस बॉलचं क्रिकेट. हा चेंडू हलका, खांद्यावरून टाकला तर उसळतो आणि फलंदाजाला सोपा जातो. हात आडवा आणून भिरकावला तर खाली राहतो, सरपटत पायात घुसतो. तो हात शिकवून आलेला नाही, त्या वाळूतून आलेला आहे. गॉलमध्ये त्याला श्रीलंकेचा माजी वेगवान गोलंदाज चंपक रामनायकेने पाहिलं आणि तो हात बदलायला लावला नाही, हे मला फार मोठं वाटतं. माझ्याकडे तो पोरगा आला असता तर मी पहिल्याच दिवशी म्हटलं असतं, हात सरळ वर. गाडी सुटेपर्यंत मी फलाटावरच्या त्या पाटीकडे बघत होतो.

गॉलचं मैदान स्टेशनसमोरच आहे आणि मैदानाच्या डोक्यावर डचांचा किल्ला. तटबंदीवरच्या गवतात बसलं की सगळं मैदान पायाखाली, डावीउजवीकडे समुद्र. कसोटी चालू असताना इथे लोक फुकट बसतात. २०२१ मध्ये एक इंग्लिश प्रेक्षक महामारीत दहा महिने लंकेत अडकून राहिला आणि अखेर याच तटावरून त्याने सामना पाहिला. मैदानातून जो रूटने त्याला बॅट उंचावून दाखवली होती. त्याच्या पुढच्याच वर्षी, ९ जुलै २०२२ ला, देशात पेट्रोल नाही, गॅस नाही, औषधं नाहीत अशा अवस्थेत हाच तट निदर्शकांनी भरला. कोलंबोत लोक राष्ट्रपती भवनात शिरत होते आणि इथे खाली श्रीलंका-ऑस्ट्रेलिया कसोटी चालू होती. सामना थांबला नाही. चंडिमलने नाबाद द्विशतक ठोकलं, श्रीलंका डावाने जिंकली. दोनच महिन्यांत त्यांनी दुबईत आशिया चषकही जिंकला.

त्सुनामीत हे मैदान पार बुडालं होतं. पुन्हा कसोटी व्हायला डिसेंबर २००७ उजाडला. आणि जुलै २०१० मध्ये मुरलीधरनने इथे शेवटची कसोटी खेळली. सामन्याआधी त्याला कसोटीतल्या आठशे बळींसाठी आणखी आठ हवे होते. मी तो दिवस शाळेच्या स्टाफरूममध्ये पाहिला आहे. ७९९ वर तो अडकला, आपली शेवटची जोडी काही केल्या जाईना. शेवटी प्रग्यान ओझा, झेल महेला जयवर्धने. आपण सामना हरत होतो आणि अख्खी स्टाफरूम टाळ्या वाजवत होती.

संध्याकाळी किल्ल्याच्या मोकळ्या जागेत पोरं सॉफ्टबॉल खेळत होती. नियम एकच. चेंडू समुद्रात गेला की बाद, आणि आणायचाही मारणाऱ्यानेच.

चौथा दिवस, रविवार : मातारा

गॉलहून मातारा तासाभरावर. सनथ जयसूर्याचं गाव, सेंट सर्वेशियस ही त्याची शाळा. कोलंबोच्या क्लबवाल्यांच्या दृष्टीने हे ‘आउटस्टेशन’, म्हणजे बाहेरगाव. हा शब्द इथे अजून वापरतात आणि त्यात थोडं अंतर ठेवल्याची जाणीव होते.

आमचा थ्री-व्हीलरवाला पन्नाशीचा. त्याला मी ‘अय्या’, म्हणजे दादा, म्हटल्यावर तो खुलला. १९९६ चा विषय मी काढला नाही, त्यानेच काढला. त्या वर्षी ३१ जानेवारीला कोलंबोत सेंट्रल बँकेसमोर बाँबस्फोट झाला. विश्वचषक दोन आठवड्यांवर. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिजने लंकेत खेळायला नकार दिला. तेव्हा भारत आणि पाकिस्तानच्या खेळाडूंचा एकच संघ १३ फेब्रुवारीला कोलंबोत येऊन खेळला, कर्णधार अझरुद्दीन, सचिन आणि वासिम अक्रम एका बाजूने. “तुमची माणसं आली,” तो म्हणाला. “ते आम्ही विसरलो नाही.” मग हसून म्हणाला, “पण कलकत्त्याला आम्ही सोडलं नाही.”

कलकत्ता म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे विनोद कांबळी. १३ मार्चची ती उपांत्य फेरी, ८ बाद १२० वर ईडन गार्डनमध्ये पेटलेल्या खुर्च्या आणि रडत मैदानाबाहेर येणारा विनोद. आपल्याकडे त्या सामन्याची गोष्ट तिथेच संपते. अय्याची गोष्ट श्रीनाथच्या पहिल्याच षटकापासून सुरू होत होती. जयसूर्या आणि कालुवितरणा दोघंही त्या षटकात गेले. सगळ्या स्पर्धेत पहिल्या पंधरा षटकांत क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून मारायचं, हे ज्यांनी जगाला दाखवलं ते दोघंच गेले, आणि इथे मातारात लोक टीव्हीपुढून उठायला लागले. मग अरविंद आला, ४७ चेंडूंत ६६. दुसऱ्या डावात सनथने फिरकीवर तीन बळी घेतले, त्यांतला एक सचिनचा, यष्टिचीत. चार दिवसांनी लाहोरला अंतिम सामन्यात अरविंदचं शतक आणि तीन बळी. “त्या रात्री युद्ध चालू होतं,” अय्या म्हणाला, “पण फटाके आणि बंदूक यांतला फरक त्या रात्रीपुरता सगळ्यांना बरोबर कळला.”

सनथ त्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. माझ्या मते १९९६ चं सगळ्यांत मोठं फळ तो चषक नव्हे, मातारासारख्या गावांनी पाहिलेला हा मुलगा आहे. त्याआधी आउटस्टेशनच्या पोराला टीव्हीवर आपल्यासारखा बोलणारा खेळाडू दिसत नव्हता. नंतर कुरुनेगलचा रंगना हेरथ आला, रत्गामाचा मलिंगा आला.

कागदोपत्री या देशाचा राष्ट्रीय खेळ व्हॉलीबॉल आहे. समुद्रकाठी जाळी बांधलेली दिसलीही. तिच्या एका खांबाला तीन खडूच्या रेघा ओढून पोरांनी स्टंप केले होते.

पाचवा दिवस, सोमवार : प्रवास

मातारा ते कोलंबो एक्स्प्रेस वेवरची बस, तिथून कँडीची रेल्वे. कडुगन्नावाचा घाट, धुकं, आणि खिडकीतून दिसलेली चार शाळांची चार मैदानं. प्रत्येकाच्या मध्यभागी पाऊस लागू नये म्हणून झाकलेली खेळपट्टी.

सहावा दिवस, मंगळवार : कँडी

असगिरिया बघायला सकाळी चढण चढून गेलो. डोंगराच्या कुशीत, ट्रिनिटी कॉलेजच्या मालकीचं मैदान. एका शाळेच्या मैदानावर कसोट्या व्हायच्या! १९८३ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली झाली. डिसेंबर २००७ मध्ये इंग्लंडविरुद्ध इथली शेवटची, आणि तीत मुरलीने कॉलिंगवूडचा त्रिफळा उडवून वॉर्नचा ७०८ बळींचा विक्रम मोडला. नंतर सामने शहराबाहेर पल्लेकेलेला गेले. आज असगिरियात शाळेतली बारकी मुलं झेलांचा सराव करत होती. त्यांच्यासाठी ते शाळेचं ग्राउंड, बस.

मुरली मात्र ट्रिनिटीचा नव्हे, सेंट अँथनीचा. डोंगरातल्या तमिळ कुटुंबातला, वडिलांचा बिस्किटांचा कारखाना. देशात सिंहली आणि तमिळ यांच्यात युद्ध पेटलेलं असताना देशाचा सगळ्यांत लाडका गोलंदाज तमिळ होता, ही गोष्ट वाचायला सोपी आहे. इथे आल्यावर तिचं वजन कळतं. १९९५ च्या बॉक्सिंग डेला मेलबर्नला पंच डॅरल हेअरने त्याला फेकी, म्हणजे कोपर वाकवून चेंडू फेकणारा, ठरवून सात वेळा नोबॉल दिला. १९९९ ला ॲडलेडला तेच घडलं तेव्हा रणतुंगाने पंचांसमोर बोट नाचवत अख्खा संघ सीमारेषेपर्यंत नेला. मुरलीचं कोपर जन्मतःच सरळ होत नाही. चाचण्या झाल्या, आणि २००५ मध्ये आयसीसीने सगळ्याच गोलंदाजांसाठी कोपर सरळ करण्याला पंधरा अंशांची मर्यादा घातली. आनंदा कॉलेजचा सिंहली कर्णधार कँडीच्या तमिळ पोरासाठी जगाशी भांडला. त्याचं वागणं नियमात बसत नसेल, पण शिकवणारा माणूस म्हणून मला त्या दिवशीचा रणतुंगा नेहमीच आवडत आला आहे.

संध्याकाळी एका शाळेच्या नेटवर थांबलो. प्रशिक्षक माझ्याच वयाचे. लेक ऑफस्पिन टाकते म्हटल्यावर त्यांनी चेंडू तिच्याकडे फेकला, “एक षटक टाक.” समोर पंधरा वर्षांचा मुलगा. पहिला चेंडू आखूड पडला, त्याने पुलवर जाळी हलवली. दुसरा बरा. तिसऱ्यानंतर प्रशिक्षक जवळ गेले, तिची तर्जनी शिवणीवरून अर्धा इंच सरकवली आणि म्हणाले, “बोट नाही, दाराची मूठ फिरवतेस असं समज.” पाचवा चेंडू हवेत थांबल्यासारखा झाला, खाली पडून आत वळला आणि मुलाच्या मांडीवर आदळला. मुलाने मान हलवली. लेकीने माझ्याकडे पाहिलंही नाही, सहाव्यासाठी तशीच मागे गेली. मी दोन वर्षं तिला जे सांगत होतो ते तिला एका षटकात समजलं.

नंतर प्रशिक्षक आणि मी नेटमागच्या बाकावर बराच वेळ बसलो. त्यांच्या बोलण्यात काळजी होती. २०२२ नंतर बॅट, पॅड, सीझन बॉल म्हणजे कातडी चेंडू, सगळं बाहेरून येणारं सामान इतकं महागलं की एकच बॅट तीन मुलं वापरतात. मुलगा सोळाचा झाला की घरचे ट्यूशनला बसवतात. कोलंबोच्या श्रीमंत शाळा बाहेरगावचा चांगला मुलगा शिष्यवृत्ती देऊन उचलून नेतात. मुलाचं भलं होतं, पण गावची शाळा पुन्हा रिकामी. २०२३ साली आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात सिराजपुढे पन्नास सर्वबाद, दीड महिन्यात वानखेडेवर पंचावन्न सर्वबाद, आणि त्याच नोव्हेंबरात सरकारी हस्तक्षेपामुळे आयसीसीने बोर्डच निलंबित केलं. निलंबन पुढच्या जानेवारीत उठलं. “वर काय चाललंय ते माझ्या हातात नाही,” ते म्हणाले. “माझ्या हातात चार ते सहा आहे.” म्हणजे संध्याकाळी चार ते सहा.

सातवा दिवस, बुधवार : दांबुल्ला

रंगिरी दांबुल्ला मैदान तलाव आणि डोंगरांमध्ये आहे. २००० साली अवघ्या १६७ दिवसांत बांधून काढलं. कोरड्या पट्ट्यातही क्रिकेट यावं हा हेतू. जागा देखणी, पण आसपास खेळणारी शाळा दिसेना, त्यामुळे मला ते परकं वाटलं. लेकीला नाही. २८ जुलै २०२४ ला इथेच महिलांच्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात श्रीलंकेने भारताला आठ गडी राखून हरवलं. आमच्या सांगलीच्या स्मृती मानधनाने ६० केल्या होत्या. कुरुनेगलकडच्या चामरी अटापट्टूने ६१ केल्या आणि हर्षिताने नाबाद राहून सामना संपवला. लेक फाटकाच्या गजांतून बराच वेळ आत बघत उभी होती. “बाबा, चामरीला बिग मॅच नव्हती ना?” तिने विचारलं. नव्हती. हे सगळे तंबू, पपरे, ढाली, सगळं मुलांच्या शाळांचं. यांतली कुठलीच पायरी मुलींच्या वाट्याला आलेली नसताना चामरी तिथवर पोचली.

आठवा दिवस, गुरुवार : जाफना

ए-नाइन रस्त्याने उत्तरेकडे. एलिफंट पासला खाडी लागते, दोन्हीकडे पाणी आणि मिठागरं, आणि बस आपोआप शांत होते. इथे वर्षानुवर्षं लढाई झाली. मे २००९ ला युद्ध संपलं.

जाफना सेंट्रल कॉलेजचं मैदान किल्ल्याच्या जवळच. इथेही बिग मॅच आहे. सेंट्रल विरुद्ध सेंट जॉन्स, १९०४ पासून, नाव ‘उत्तरेची लढाई’. ज्या शहराने खरी लढाई भोगली त्या शहरात हे नाव उच्चारताना जीभ अडखळते. पण इथल्या लोकांची नाही अडखळत. यंदाचा सामना नुकताच होऊन गेला होता. कुंपणाला झेंड्यांच्या चिंध्या अजून बांधलेल्या होत्या.

मैदानावर दहा-बारा पोरं. काथ्याच्या मॅटवर सराव चालला होता. मॅटचा एक कोपरा खाडीवरच्या वाऱ्याने सारखा उचलला जायचा, म्हणून एका पोराचं काम त्यावर उभं राहायचं. त्याला मी ‘तंबी’, म्हणजे धाकट्या भावा, म्हणून हाक मारली. तो मला ‘अण्णा’ म्हणाला आणि आम्ही दोघं हसलो. त्याने अभिमानाने सांगितलं, वियासकांत याच शाळेचा. विजयकांत वियासकांत, लेगस्पिनर. २०२० ला लंका प्रीमियर लीगमध्ये जाफनाच्या संघातून दिसला आणि २०२४ ला आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळला. त्याच्या वडिलांच्या पिढीतल्या मुलांनी सराव कधी केला असेल आणि कुठे, हे मी तंबीला विचारलं नाही. त्याचा जन्मच युद्ध संपल्यानंतरचा होता.

मग त्यानेच विचारलं, “अण्णा, तुम्ही कुठल्या शाळेचे?”

मी शाळेचं पूर्ण नाव सांगितलं. त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं.

“तुमची बिग मॅच कुणाशी असते?”

“कुणाशीच नाही.”

त्याला ते पटेना. मग गावात दुसरी शाळा नाही का, त्याने विचारलं. आहे, मी म्हटलं, नदीपलीकडे. “मग?” तो म्हणाला. तेवढ्यात त्याची गोलंदाजीची पाळी आली. मॅटचा कोपरा त्याने माझ्या पायाखाली दिला आणि चेंडू पँटला घासत धावत गेला.